पुढचा अध्यक्ष आला तरी कोळसापट्ट्यांवरची बंदी परत आणणं सोपं नाही

अमेरिकेत सरकारी जमिनीवर नवे कोळसापट्टे (कोळसा काढायचे भाडेकरार) देण्यावरची बंदी उठली, पण ‘पुढचा अध्यक्ष आला की ती परत येईल’ असं काही जण म्हणतात. तिथेच घोडं अडतंय. २०२४ च्या नोव्हेंबरात बायडेन सरकारने पावडर रिव्हर खोऱ्यात (वायोमिंग, मोंटाना) सरकारी जमिनीवर नवे कोळसापट्टे देणं थांबवलं, ते जमीनवापर आराखड्यातून. २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, हे आराखडेच १९९६ च्या ‘काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्ट’खाली रद्द केले. या कायद्याची मेख अशी की सिनेटमध्ये (संसदेच्या वरच्या सभागृहात) एरवीसारखी १०० पैकी ६० मतं जमवावी लागत नाहीत, साध्या बहुमतावर भागतं. शिवाय रद्द झालेल्यासारखाच नियम नवा कायदा केल्याशिवाय पुन्हा काढता येत नाही. ‘सारखाच’ म्हणजे किती सारखा, यावर वकिलांची बरीच वर्षं मजेत जातील म्हणा!

पण गिऱ्हाईक आहे कुठे? त्याच वर्षी जुलैत रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या कोळशावरचा सरकारचा वाटा, साडेबारा टक्क्यांवरून सातवर आणली. तरी ऑक्टोबरात मोंटानातल्या सुमारे १६.७ कोटी टनांसाठी एकच बोली आली, १ लाख ८६ हजार डॉलरची. टनाला एक सेंटसुद्धा नाही. ती शेवटी ट्रम्प सरकारलाच फेटाळावी लागली, आणि वायोमिंगमधला मोठा लिलावही पुढे ढकलला गेला.