मदत हवी आहे : लिहायचं कन्नडमधून की बोलायचं मराठीतून?

बेळगावच्या वडगावात माझ्या धाकट्या भावाचे चार यंत्रमाग होते. साड्यांचा उठाव थांबला, कर्ज थकलं, तीन महिन्यांपूर्वी माग भंगारात गेले. आता तो दुकानात कामाला जातो. जेवण-झोप ठीक आहे, जिवाचं बरंवाईट करायची भाषा नाही, डॉक्टरांनाही दाखवलंय. पण "मला काहीच जमत नाही" हे पालुपद सुटत नाही. "होतं ते बऱ्यासाठीच" असं मी म्हणालो, तर आठवडाभर अबोला. (चूक माझीच.)

टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांची १९९६ ची २१ विधानांची प्रश्नावली पाहिली. संकटानंतर नाती, नव्या वाटा, स्वतःची ताकद यांत काय चांगलं बदललं, असं विचारते. ती आत्ताच त्याच्यापुढं ठेवायचा धीर होत नाही. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांची मन मोकळं करण्याची पद्धत सोपी वाटते : सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातलं लिहायचं.

अडचण अशी, की तो शिकला कन्नडमधून, पण मनातलं बोलतो मराठीत; मराठी लिहिताना अडखळतो. शिबिरं, प्रवचनं नकोत, त्याला चीड येते. असं लिखाण कुणी केलंय का? त्यानं कन्नडमध्ये लिहावं, की मराठीत बोलून फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालेल? आणि तीनच महिन्यांत हे घाईचं होईल का?