१५ वर्षांची गाडी पासिंगला न्यायची आहे: हेडलाइटवर पिवळी फिल्म, आत एलईडी, मागचे दिवे काळे. काय काय काढावं लागेल?

बावडा_रस्ता

नमस्कार. माझी वॅगन-आर २०११ ची, पेट्रोल, एमएच-०९. या पावसाळ्यात आरसीची १५ वर्षं पूर्ण होतात, त्यामुळे पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, करून पुढच्या ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची आहे. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा गंजलेला नाही, विमा आणि पीयूसी चालू आहे. प्रश्न फक्त दिव्यांचा आहे.

गाडी मी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने हौसेने हेडलाइटच्या काचेवर पिवळी फिल्म लावलेली आहे, आत एच-फोरच्या, म्हणजे मूळच्या साध्या हॅलोजन बल्बच्या, जागी एलईडी बल्ब आहेत आणि मागचे दोन्ही दिवे काळपट, म्हणजे ज्याला स्मोक म्हणतात तसे केलेत. रात्री समोरून येणारे सारखे अप्पर (लांबचा झोत) मारतात, माझा डिप्पर (खालचा झोत) असतानाही.

पासिंगचं काम करणाऱ्या एकाने सांगितलं, "त्या दिवशी जुने बल्ब टाकून आणा, फिल्म सोला, काम झालं की परत लावा." हे मला पटत नाही. काढायचं तर कायमचंच काढेन. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. माझी शाळा गगनबावड्याच्या बाजूला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये असळजच्या पुढे सकाळी सातलाही दिवे लावून जावं लागतं, आणि परतताना कळे येईपर्यंत अंधार पडलेला असतो. साधे बल्ब टाकले तर त्या पावसात आणि धुक्यात रस्ता दिसेल का? कुणी अनुभवी माणसाने नीट सांगावं.

शिरोलीचा_टेम्पो

मॅडम, माझा मालवाहू टेम्पो आहे. आमच्या गाड्यांना पासिंग सारखंच असतं: गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. खाजगी कारला तो प्रश्न थेट १५ वर्षांनी येतो, म्हणून लोक गडबडतात.

आरटीओचे साहेब गाडीभोवती फिरून बघतात. अप्पर, डिप्पर, चारी इंडिकेटर, ब्रेकलाइट, रिव्हर्सचा दिवा, हॉर्न, वायपर. नंबर प्लेटवरचा बारका दिवा बरेच जण विसरतात, तो आधी बघून घ्या. चासी नंबर वाचता येईल असा घासून पुसून ठेवा. आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली पाहिजे, त्याशिवाय पुढं जाऊच नका.

फॉर्म २५ आहे, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून भरता येतो. एप्रिल २०२२ पासून कारची ही फी ५,००० रुपये झाली आहे, आणि पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला की दर महिन्याला वाढत जातं, तेव्हा लवकर भरा.

उद्यमनगर_वायरिंग

ताई, मी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, आणि त्यातलं बरंचसं काम हेडलाइटचंच असतं. सविस्तर लिहितो, कारण ह्या विषयात अर्धवट सांगणारे लई भेटतात.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं गाडी जशी मंजूर करून घेतली, तिच्याशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलाला" हे शब्द लक्षात ठेवा. तुमच्या गाडीवर तीन बदल आहेत.

आता दिव्यांचे नियम, म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९. नियम १०५ प्रमाणे समोरचा दिवा पांढरा, मागचा लाल, आणि दोन्ही १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत. मागची नंबर प्लेट १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. पिवळ्या फिल्मनं हेडलाइट पांढरा राहत नाही, तो तिथंच अडला. काळ्या केलेल्या मागच्या दिव्याचं तर मला सगळ्यात वाईट वाटतं. दुकानात उभी असताना गाडी भारी दिसते. पावसात, मागनं येणाऱ्याच्या काचेवर चिखल उडालेला असताना तो लाल दिवा त्याला शेवटच्या क्षणी दिसतो. आणि त्याच काचेत रिफ्लेक्टर पण असतो. गाडी बंद पडून रस्त्याकडेला उभी राहिली, बॅटरी गेली, तर मागच्याच्या उजेडात चमकणारा तेवढाच एक तुकडा असतो. काळं मारलं की तो पण मेला.

नियम १०६ चकाकीबद्दल आहे. हेडलाइटचा झोत खाली वळलेला पाहिजे. दिव्यासमोर ८ मीटर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंच, एवढ्या जागी कुणाचा डोळा असेल तर तो दिपता कामा नये. ती जागा म्हणजे समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचं तोंड, बरोबर तिथंच. तुम्हाला लोक अप्पर मारतात ते यामुळंच.

असं का होतं तेही सांगतो. एच-फोर बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परची ६० वॅट, डिप्परची ५५ वॅट. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची बारकी वाटी असते. ती उजेडाला रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर जाऊच देत नाही. खालच्या भागावर पडलेला उजेड वर उडाला असता. वरच्या भागावर पडलेला तेवढा खाली रस्त्यावर येतो, आणि डाव्या कडेला थोडा चढतो, म्हणजे कडेनं चालणारा माणूस दिसावा. हेडलाइटचा सगळा आकार त्या तारेची जागा धरून काढलेला असतो. एलईडी बल्बात तारेच्या जागी दोन बाजूंना चिप असतात. त्यांची जागा, लांबी, जाडी काहीही जुळत नाही. उजेड भरपूर पडतो, पण गाडीपुढं पाच-दहा पावलांवर आणि समोरच्याच्या डोळ्यात. लांबचा रस्ता काळाच राहतो. पुढ्यात झगझगीत असलं की आपली बाहुली लहान होते, मग लांबचं आणखीनच दिसत नाही. पाच मिनिटं गाडी भिंतीसमोर लावून बघा, मी म्हणतो ते दिसेल.

आता तुमची काळजी. तुमची गाडी २०११ ची आहे. त्या फिल्मखाली हेडलाइटची काच, म्हणजे प्लॅस्टिकच ते, उन्हानं पिवळट-दुधी झालेलं असणार. बऱ्याच जणांना वाटतं बल्ब कमजोर आहे; निम्मा उजेड त्या काचेत अडकलेला असतो. फिल्म ड्रायरनं गरम करून सावकाश सोला. मग वॉटर पेपर १,०००, २,०००, ३,००० अशा क्रमानं पाणी मारत घासा, कंपाउंडनं पॉलिश करा आणि शेवटी यूव्हीचा क्लिअर कोट मारायलाच लावा. तो नाही मारला तर काही महिन्यांत परत पिवळं.

दुसरं, वायरिंग. जुन्या गाडीत स्विचमधून जाऊन येईपर्यंत व्होल्टेज पडतं. इंजिन चालू ठेवून बल्बच्या कपलरवर, म्हणजे बल्बला वायर जोडतात तिथं, मीटर लावा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२ भरत असेल तर बल्ब अर्धपोटी जळतोय. बॅटरीवरनं फ्यूज टाकून रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारा स्विच) द्यायचा, अर्थिंग स्वच्छ करायचं. बल्ब चांगल्या कंपनीचा, ६०/५५ चाच. कुणी १००/९० देईल, घेऊ नका. ६० वॅटला पाच अँपिअर लागतात, १०० ला आठच्या वर. होल्डर वितळलेल्या गाड्या माझ्याकडं येतात, त्यात हेच निघतं.

तिसरं, फोकस. सपाट जागा, टायरात बरोबर हवा, गाडीपासून भिंत १० मीटर. हेडलाइटच्या मधल्या उंचीची खूण भिंतीवर करा. डिप्परची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. जिथं यंत्रावर तपासणी होते तिथं हेडलाइटपुढं भिंगाची पेटी सरकवतात, ती हेच बघते: झोत कुठं पडतो आणि किती जोराचा आहे.

ही तीन कामं केल्यावर साध्या बल्बवर करूळ घाट उतरणारे माझे गिऱ्हाईक आहेत. धुक्यात तर हेडलाइट कितीही जोराचा लावा, वरनं टाकलेला उजेड परत आपल्याच डोळ्यात येतो. तिथं खाली बसवलेला फॉगलॅम्पच कामाचा. तो पिवळा चालतो, फॉगलॅम्पला पांढरा आणि पिवळा दोन्ही मान्य आहेत.

नाइट_रायडर_०९

काका, तुमचा अनुभव मान्य. पण एक विचारतो. नव्या गाड्या कंपनीतून एलईडी घेऊनच येतात. त्या चालतात, आणि आम्ही दुकानातून तोच एलईडी घेतला की गुन्हा? जुन्या गाडीचा डिप्पर म्हणजे मेणबत्ती आहे. आणि माझ्या बल्बच्या खोक्यावर "रोड लीगल" छापलेलं आहे.

उद्यमनगर_वायरिंग

भावा, प्रश्न बरोबर आहे. कंपनीच्या गाडीत एलईडी, त्याचा रिफ्लेक्टर किंवा भिंग, थंड ठेवणारी जाळी, सगळा दिवा एकत्र तयार करून एकत्रच तपासून मंजूर झालेला असतो. तुझ्या खोक्यातला बल्ब तुझ्या गाडीच्या रिफ्लेक्टरबरोबर कुणीही तपासलेला नाही. खोक्यावर काय छापायचं ते छापणारा ठरवतो. तुझ्याच गाडीचं वरचं मॉडेल प्रोजेक्टर किंवा एलईडी हेडलाइटसकट येत असेल तर निदान कंपनीचा अख्खा दिवा तरी मिळतो. तोही बसवायच्या आधी आरटीओत विचारून लेखी घे. एच-फोरच्या भोकात एचआयडी (झेनॉनचा झगझगीत बल्ब) किंवा एलईडी कोंबणं मी माझ्या दुकानात बंद केलं आहे. पैसे मिळतात त्यात, पण समोरच्याचं काय?

जयसिंगपूर_बाइक

समोरच्याचं काय, ते मी सांगते. मी नर्स आहे, रात्रपाळी संपवून किंवा धरायला जाताना स्कूटीवर असते. साखर कारखाने सुरू झाले की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, बऱ्याच जणांना मागे लाल कापडसुद्धा नसतं. समोरून असा पांढराफटक उजेड आला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. ताशी ४० ने जाणारी गाडी तीन सेकंदांत तेहतीस मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरात पुढे उभी ट्रॉली आहे की मोकळा रस्ता, हे मला कळत नाही. मी ब्रेक दाबते आणि मागून कुणी येऊ नये अशी प्रार्थना करते. नाइट रायडर, तुमचा उजेड तुम्हाला हवाय हे समजतं. पण तो माझ्या डोळ्यांवरून जातोय.

बावडा रस्ता ताई, तुम्ही कायमचं काढणार म्हणालात, बरं वाटलं.

नाइट_रायडर_०९

ताई, हे असं कधी कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. काका, रविवारी दुकान उघडं असतं का?

उद्यमनगर_वायरिंग

दुपारपर्यंत असतं. ये.

बावडा_रस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीसमोर गाडी लावून पाहिली. डिप्परला कडच दिसत नाही, उजेड पार दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पसरतो. म्हणजे काकांनी सांगितलं तसंच.

तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मागचे दिवे फिल्मने काळे नाहीत, स्प्रे मारलेला आहे. तो निघतो का? फॉगलॅम्प बाहेरून बसवले तर तोही "बदल" धरतील का? आणि खिडक्यांच्या काचांवर हलकी काळी फिल्म आहे, तिचं काय?

उद्यमनगर_वायरिंग

स्प्रे थिनरनं पुसायला जाऊ नका, प्लॅस्टिक फुटतं, बारीक चिरा पडतात. घासून काढता येतो, पण रिफ्लेक्टरच्या खोबणीतला निघत नाही. तुमच्या गाडीचे मागचे दिवे सहज मिळतात, दोन्ही नवेच टाका. पासिंगला बघणाऱ्याला पण शंका राहत नाही.

फॉगलॅम्प कंपनीच्या बंपरात जिथं जागा सोडलेली आहे तिथंच, कंपनीच्याच ॲक्सेसरीतले, डिप्परच्या खाली. बिल आणि डब्यावरचा पार्ट नंबर जपून ठेवा. बंपरपुढं लोखंडी गार्ड लावून त्यावर दिवे बसवू नका, त्या गार्डवर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं बंदीचे आदेश काढलेत. टपावर लाइटबार, पुढं लाल-निळे लुकलुकणारे, यातलं काहीच नको. समोर लाल दिवा नियमात बसतच नाही.

काचांचं: पुढची आणि मागची काच ७० टक्के उजेड आत सोडणारी पाहिजे, बाजूच्या ५० टक्के. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानंतर फिल्म दिसली की पावती ठरलेली असायची. नंतर नियमात थोडा बदल झाला, पण तुमची जुनी फिल्म किती टक्क्यांची आहे हे रस्त्यावर सिद्ध करत बसण्यापेक्षा काढून टाका. घाटात आरशात बघताना फरक पडेल.

आणि फॉर्म भरून तारीख मिळाली की आदल्या दिवशी गाडी आणा. नंबर प्लेटचा दिवा, रिव्हर्स, फोकस, सगळं एकदा मीटर लावून बघून देतो. येताना डिकी मोकळी ठेवा. मागं ओझं असलं की गाडीचं नाक वर जातं आणि फोकस चुकीचा लागतो.