'दारापलीकडे काय असेल?' हा प्रश्न लेखनाच्या तासाला बंद करावा का?

खडूफळा
सर्जनशील लेखनाच्या तासाला दाराचं छानसं चित्र दाखवायचं आणि 'या दारापलीकडे काय असेल, लिहा' म्हणायचं, हा प्रकार सगळीकडे चालतो. माझं मत: पाचवी ते सातवीसाठी तो बंद करावा. वह्या तपासा. परी, जादूचं जंगल, बोलणारे प्राणी आणि शेवटी 'तेवढ्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली'. यात मुलांचा दोष नाही. प्रश्नातच दार नाही, ते नुसतं निमित्त आहे. पलीकडे काहीही चालतं म्हटलं की हाताशी असलेलं तयार सामान बाहेर येतं.

त्याऐवजी ४० मिनिटांच्या तासात वर्गाचंच दार घ्या. पहिली १० मिनिटं मुलांनी डोळे मिटायचे, आपण दार तीनदा सावकाश उघडून लावायचं. मुलांनी फक्त क्रियापदं लिहायची: कुरकुरतं, घासतं, अडतं, आपटतं. विशेषण एकही नाही. पुढची ५ मिनिटं भागांची नावं फळ्यावर: चौकट, फळी, बिजागरी, कडी, कोयंडा, अडसर, उंबरा. शहरातल्या बऱ्याच मुलांना कडी माहीत असते, पण ती ज्यात अडकते त्या कोयंड्याचं नाव माहीत नसतं. नाव मिळालं की त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं. मग १५ मिनिटांत सहा ओळी: पाच ओळींत दाराचे पाच भाग, सहाव्या ओळीत माणूस. मन, यश, संधी, स्वप्न हे चार शब्द बाद, नाहीतर 'यशाचं दार' आलंच म्हणून समजा. उरलेल्या १० मिनिटांत वाचन आणि प्रत्येकाने स्वतःची एक ओळ खोडणं.

ओसरी
असहमत. ही भागांची यादी झाली. दारावरची कविता दारामुळे होत नाही, दाराशी कोणीतरी खोळंबलेलं असतं म्हणून होते. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आठवा. ताटी म्हणजे झोपडीचं साधं दार. तिचं वर्णन त्यात शोधूनही सापडणार नाही. आत रुसून बसलेल्या भावाशी बाहेरून चाललेलं ते बोलणं आहे. चिऊकाऊच्या गोष्टीतही तेच. कावळा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो, चिमणी दरवेळी नवं कारण देते. धृपद आणि कडवी, दोन्ही तिथे तयार आहेत.

म्हणून मुलांच्या जोड्या करा, एक आत, एक बाहेर. बाहेरच्याला एकच वाक्य, ते चारदा येणार. दरवेळी त्यातला एकच शब्द बदलायचा. आतल्याने तीन कारणं द्यायची, चौथ्या वेळी उघडायचं की नाही ते त्याने ठरवायचं. इथे हमखास घोटाळा होतो तो असा, की तिन्ही कारणं 'झोपलोय', 'जेवतोय', 'अंघोळ करतोय' अशी सुटी सुटी येतात. आधीच सांगा: दुसरं कारण पहिल्यापेक्षा खरं हवं आणि तिसरं सांगायला जड जाणारं. मग लेखन हलतं.

पाटीपेन्सिल
तुम्ही दोघंही मोठ्या मुलांबद्दल बोलताय. दुसरी-तिसरीत सहा ओळी लिहितानाच हात दुखतो. त्यांच्यासाठी कागदाचं दार करा. ए-फोर जाड कागदाच्या मधोमध ८ बाय १२ सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, तीन बाजू कापायच्या, चौथी पट्टीवर दाबून दुमडायची. मागे दुसरा कागद चिकटवायचा. झडप आधी उघडी ठेवा आणि डिंक फक्त कडेला लावा. झडपेखाली गेला की दार कायमचं बंद. स्केचपेन मागे उमटतं, पेन्सिलच द्या. झडपेवर एक ओळ, आत दोन.

आणि 'पलीकडे काय' हा प्रश्न मी सोडणार नाही. तो मोकळा सोडला म्हणून फसतो. 'पलीकडे हाच वर्ग आहे, पण एकच गोष्ट वेगळी आहे' एवढी अट घाला. परीला जागाच उरत नाही. पंखा उलटा फिरतो, बाई कुजबुजतात, घंटा कोणालाच ऐकू येत नाही, असलं काहीतरी येतं आणि ते त्या मुलाचं स्वतःचं असतं.

सातवी_ब
आत्मवृत्ताचं काय? 'मी दार बोलतोय' म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं: 'माझा जन्म एका घनदाट जंगलात झाला'. परीक्षेत हा प्रकार येतो, त्यामुळे टाळताही येत नाही. उपाय एकच, दाराला काय दिसतं ते तपासायला लावणं. आत उघडणारं दार पूर्ण उघडून भिंतीला टेकवलं की त्याची आतली बाजू भिंतीकडे तोंड करते आणि बाहेरची बाजू घर बघते. लावलं की उलट. म्हणजे बाहेरच्या बाजूला घर दिसतं ते दार उघडं असतानाच! हे मुलांना प्रत्यक्ष दाखवा आणि बाहेरच्या बाजूचंच मनोगत लिहायला सांगा. जंगल, सुतार, रंगारी सगळे गळून पडतात.

खडूफळा
@सातवी_ब, माझं म्हणणं हेच तर आहे. नीट बघितल्यावरच कल्पना सुचते. @पाटीपेन्सिल, तुमची अट पटली; प्रश्न बंद करण्याऐवजी अटीसह ठेवू.

पाचट
सगळ्यांसाठी एक सूचना. 'आपल्या घरच्या दारावर लिहा' असं सांगू नका. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीला दार म्हणजे पुष्कळदा जुनं लुगडं किंवा पोतं. शेजारचं मूल सेफ्टी डोअरच्या भिंगाबद्दल लिहीत असेल, तर हे मूल गप्प बसतं किंवा खोटं लिहितं. वर्गाचं दार सगळ्यांचं सारखं, तिथूनच सुरुवात करावी. मग 'दार नसलेली जागा' हा पर्याय सर्वांनाच द्यावा. पडदा कसा हलतो, आत यायच्या आधी लोक खाकरतात का, यावर फार ताकदीच्या ओळी येऊ शकतात. मोठ्याने वाचायची सक्ती मात्र नको. घराच्या आत काय चालतं ते मुलं कधी कधी खरंच लिहितात. ती वही वर्गात फिरता कामा नये. आणि तसं काही लिहिलेलं दिसलं तर शुद्धलेखनाच्या खुणा न करता आधी त्या मुलाशी एकट्याने बोला.

सहल काढायची असेल तर शनिवारवाडा चांगला. दिल्ली दरवाजावर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून बसवलेले अणकुचीदार खिळे आहेत, आणि मोठ्या दारातच छोटा दिंडी दरवाजा. आधी इतिहास सांगू नका. 'हे खिळे कोणासाठी, एवढ्या उंचीवर का' हे मुलांनाच ओळखू द्या.

ओसरी
@पाचट, पूर्ण सहमत. @खडूफळा, तरी तुमच्या सहा ओळींवर माझा आक्षेप आहेच. माणूस सहाव्या ओळीत आला की तो चिकटवल्यासारखा दिसतो. त्याला पहिल्याच ओळीत आणा आणि मुलाला विचारा, याचा हात दाराला नेमका कुठे लागला? कडीला, चौकटीला की फळीला? तेवढाच भाग लिहू दे. बाकीचे चार सोडून दिले तरी काही बिघडत नाही.