मदत हवी आहे: जुना राउटर रीसेट करू की बदलू? (सांगली)

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या महापुरात आधीचा राउटर पाण्यात गेला, त्यानंतर घेतलेला आजही चालू आहे. गेल्या आठवड्यात त्याचं सेटिंग उघडलं तर युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन'च! बाहेरून इंटरनेटवरून लॉगिन करण्याची सोयही चालू होती. ती लगेच बंद केली, पासवर्ड बदलला. पण इतकी वर्षं दार उघडंच होतं, याची धास्ती वाटते. बाबा याच वायफायवर पेन्शनचं खातं बघतात.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असेच कंपनीचे ठरलेले पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. २०१८ च्या व्हीपीएनफिल्टर या मालवेअरचा काही भाग तर राउटर बंद-चालू केला तरी आत टिकून राहायचा. म्हणून नुसता पासवर्ड बदलून समाधान होत नाही.

फॅक्टरी रीसेट करावं म्हटलं, तर कनेक्शनचा पीपीपीओई आयडी-पासवर्ड (ज्याने राउटर इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करतो तो) पुसला जाईल. केबलवाल्या दादांना तो मागितला, तर म्हणाले, "कशाला हात लावताय, चाललंय ना!" दोनदा फोन केला, अजून मिळालेला नाही.

राउटरचा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) कुणी बदललाय का, हे नेमकं कुठे बघायचं? कंपनीने या मॉडेलचे फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट बंद केलेत, मग रीसेट करून काही उपयोग, की सरळ नवाच घ्यावा? सांगली-मिरजेत कुणी केबलवाल्याकडून आयडी मिळवला असेल तर कसा, तेही सांगा. तोवर बाबांना बँकेचं काम मोबाइल डेटावरच करायला सांगितलंय.