एकच फूल पुन्हा पुन्हा काढलं की एवढं छान का दिसतं?

निळीशाई: लाकडी पेटीच्या झाकणावर पाच पाकळ्यांचं एकच फूल काढलंय. ७ ओळी, ओळीत ९. पहिल्या दोन ओळी अगदी श्वास रोखून काढल्या. तिसरीपासून हात सुटला: गोल ब्रश टेकवायचा, दाबायचा, उचलता उचलता टोक निमुळतं करायचं. सुटं बघितलं तर फूल साधंसंच आहे, पण ६३ एकत्र दिसली की नजर हलत नाही. असं का होतं? आणि एक अडचण: लांबून बघितलं की फुलांऐवजी मधल्या रिकाम्या जागेचे उभे पट्टेच दिसतात. ते कसे घालवू?

पानवेल: फुलं एकाखाली एक आली की पट्टे पडणारच. पुढच्या वेळी एकाआड एक ओळ अर्ध्या फुलाएवढी सरकवा, विटा रचतात तशी. आता रंग वाळलाय, तर चार फुलांच्या बरोबर मध्ये एकेक छोटी कळी काढा. तोच परिणाम साधेल. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसने १८६२ साली 'ट्रेलिस' हा वॉलपेपर रेखाटला, त्यात याच्या उलट केलंय. चौकटी लपवायच्या सोडून लाकडी जाळीच काढली आणि तिच्यावर गुलाब चढवले. मला ते फार आवडतं.

कोनमापक: नजर का हलत नाही, याबद्दल माझं मत सांगतो. नियम डोळ्याला क्षणात कळतो, मग तो निवांत होऊन बारीक फरक शोधत फिरतो. स्टेन्सिलच्या फुलांत शोधायला काही उरत नाही. शिवाय तुमचं फूल पाच पाकळ्यांचं! सपाट पृष्ठभागावर नक्षी पुन्हा पुन्हा मांडण्याचे सममितीनुसार फक्त १७ प्रकार होतात. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोवने हे १८९१ मध्ये सिद्ध केलं. त्यांपैकी एकातही पाचाची फिरकी नाही, म्हणजे एक पंचमांश फेरा फिरवल्यावर सगळी नक्षी पुन्हा तशीच दिसेल असा प्रकारच नाही. सहा पाकळ्या शेजाऱ्यांशी चपखल जुळतात, पाच कधीच पुरत्या जुळत नाहीत. ती किंचित चुळबुळ मला तुमच्या झाकणावर हवीशी वाटते.

निळीशाई: ४८ कळ्या काढल्या, पट्टे गेले! आता नजर तिरकी धावते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पाकळ्यांचंही पटलं. पहिल्या दोन ओळींतली ताठ फुलं पुसून नव्याने काढणार होते, पण आता राहू देतेय. हात कुठे सुटला ते झाकणावर स्पष्ट दिसतं.