विषय: जुलैचा सिनेमा – ‘द डिश’ लावायचा का?

प्रेषक: कार्यवाह

मंडळी, नमस्कार.

जुलैच्या कार्यक्रमात यंदा भेंड्यांऐवजी सिनेमा दाखवायचा, असं कमिटीत ठरलंय. मी ‘द डिश’ सुचवतो. 2000 सालचा आहे, दिग्दर्शक रॉब सिच, मुख्य भूमिकेत सॅम नील. न्यू साउथ वेल्समधल्या पार्क्स गावाबाहेर मेंढ्यांच्या कुरणात एक भलीमोठी रेडिओ दुर्बीण उभी आहे आणि 1969 च्या जुलैत चंद्रावरचं थेट चित्र जगापर्यंत पोचवायचं काम तिच्यावर येऊन पडतं. गोष्ट एवढीच. हाणामारी नाही, कुणी मरत नाही. गावचा महापौर हरखून गेलेला, नासाचा माणूस घड्याळाकडे बघून वैतागलेला, आणि अमेरिकेच्या राजदूतासमोर राष्ट्रगीत म्हणून ‘हवाई फाइव्ह-ओ’ या मालिकेची धून बिनधास्त वाजवणारा स्थानिक बँड. तेवढ्यासाठी तरी बघाच.

काही हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

———

प्रेषक: कॅनबेरावाले काका

हरकत आहे.

सिनेमा पाहून उठणारा प्रत्येक माणूस समजतो की नील आर्मस्ट्राँगचं पहिलं पाऊल पार्क्सने दाखवलं. साफ चूक! ते चित्र आमच्या कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीकच्या 26 मीटरच्या अँटेनाने पकडलं होतं. सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनचं चित्र घेतलं, तर ते उलटं! कॅमेरा यानात उलटा बसवलेला होता आणि चित्र सुलटं करण्याचा खटका तिथे दाबलेलाच नव्हता. सुलटं केलं तरी इतकं काळंपांढरं की शिडी कुठली नि सावली कुठली कळेना. मग ह्यूस्टनने, म्हणजे नासाच्या नियंत्रण कक्षाने, हनीसकलकडे वळवलं आणि पाऊल पडलं. पार्क्सचं चित्र आलं प्रक्षेपण सुरू होऊन जवळजवळ नऊ मिनिटं झाल्यावर.

आणि हनीसकलच्या नशिबी काय? 1981 मध्ये केंद्र बंद. आज तिथे काँक्रीटचा चौथरा आहे आणि माहितीच्या पाट्या आहेत. पार्क्सला मात्र सिनेमा, पर्यटक, कॉफी शॉप. काम कुणाचं नि सत्कार कुणाचा, हे आपल्या मंडळाला मी वेगळं सांगायला नको.

———

प्रेषक: वॉलाँगाँगच्या वहिनी

काका, तुमचं सगळं खरं, पण पुढचं तुम्ही गाळलंत. त्या नऊ मिनिटांनंतर ह्यूस्टन पार्क्सवर आलं आणि उरलेले दोन-अडीच तास तिथून हललं नाही. पार्क्सची तबकडी 64 मीटरची, म्हणजे क्षेत्रफळ हनीसकलच्या सहापट. चित्र जास्त स्वच्छ होतं म्हणून ठेवलं. यात कसला पक्षपात?

आमचं आयुष्य अँटेनांमध्ये गेलं, त्यामुळे माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमावाल्यांनी नको ते रचलं. वीज जाते, जनरेटर वेळेवर सुरू होत नाही, यानाचा पत्ता हरवतो, आणि राजदूतापासून ते लपवायला चंद्रावरच्या संभाषणाचं नाटक करावं लागतं. हसून हसून पुरेवाट होते, पण यातलं काहीही घडलेलं नाही. जे घडलं ते यापेक्षा भारी होतं.

आधीचा बेत असा होता की अंतराळवीर उतरल्यावर झोप काढतील आणि ते बाहेर पडतील तेव्हा चंद्र पार्क्सच्या आकाशात चांगला वर आलेला असेल. पण चंद्रावर उतरून झोप कुणाला येणार? त्यांनी लवकर बाहेर पडायचं ठरवलं, आणि पार्क्सला तर चंद्र अजून टप्प्यातच नव्हता. ती दुर्बीण क्षितिजापासून 30 अंशांच्या खाली झुकतच नाही. मग जेवढी झुकेल तेवढी झुकवून चंद्राची वाट बघत बसले. तेवढ्यात वादळ. ताशी 110 किलोमीटरच्या वर दोन झोत लागोपाठ आदळले. एवढी तबकडी आडवी म्हणजे वाऱ्यात धरलेलं सूपच. एरवी असा वारा सुटला की ती आभाळाकडे तोंड करून ठेवतात. खालचा मनोरा हादरला, वाऱ्याचा भोंगा वाजायला लागला, आणि प्रमुख जॉन बोल्टन यांनी काम चालू ठेवलं. सोमवार, 21 जुलै, दुपारचे 12:56 ही पावलाची वेळ. मुख्य रिसीव्हरच्या टप्प्यात चंद्र येणार होता 1:02 ला. बाजूच्या जादा रिसीव्हरला तो आधी दिसला, म्हणून चित्र मिळालं.

वारा सिनेमात आहे, नाही असं नाही. पण तो इतका उशिरा येतो की तोवर आपण जनरेटरच्याच घोरात अडकलेले असतो. तरीही माझं मत: लावा. त्या माणसांचा स्वभाव बरोबर उतरलाय. तबकडीत क्रिकेट खेळणारी आणि चहा पीत पीत जगातलं सर्वांत मोठं काम करणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

———

प्रेषक: नारायणगावची माहेरवाशीण, मेलबर्न

मी पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला तेव्हा नवऱ्याला म्हटलं, अरे, हे तर आमचं खोडद! खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या तीस तबकड्या जुन्नर तालुक्यात आणि आसपास पंचवीसेक किलोमीटरवर विखुरल्यात. एकीकडे द्राक्षबागा, कांद्याच्या चाळी, आणि चैत्रात जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. ढोलकीच्या पंचक्रोशीत बसून मंडळी पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी सोडणारे तारे, मोजतात. 2016 मध्ये युरोपचं श्यापरेल्ली यान मंगळावर उतरताना त्याचा बारीक सिग्नल खोडदने पकडला होता. यावर सिनेमा का नाही काढला कुणी? सरपंच, फडाची मालकीण आणि सुटाबुटातले युरोपियन पाहुणे, पटकथा अर्धी तयार आहे!

आणि नुसतं साम्य नाही, नातंही आहे. जीएमआरटी उभारणारे गोविंद स्वरूप 1953 मध्ये सिडनीला शिकायला आले होते. तिथल्या पॉट्स हिलला सूर्याचा अभ्यास करणाऱ्या 32 छोट्या तबकड्या, प्रत्येकी सहा फुटांच्या. त्या इथे निवृत्त व्हायला आल्या तेव्हा ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या, आणि 1965 मध्ये त्या कुठे लागल्या असतील? कल्याणला! सिडनीच्या तबकड्या कल्याणला जाऊन आपल्याकडची रेडिओ दुर्बीण झाल्या. आमच्या डोंबिवलीच्या आत्येला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग लोकलने नेल्या असतील.”

———

प्रेषक: कॅनबेरावाले काका

कल्याणची गोष्ट मला नवीन. छान.

वहिनींचा मुद्दा मान्य, क्षेत्रफळापुढे वाद नाही. पण माझी अट कायम. सिनेमा सुरू व्हायच्या आधी हनीसकलवर पाच मिनिटं बोलायला हवीत. फोटो मी आणतो. शिवाय 1969 च्या पार्क्स गावाची बरीच दृश्यं शेजारच्या फोर्ब्समध्ये चित्रित केली आहेत, हेही सांगणार. म्हणजे पार्क्सलासुद्धा आपल्याच सिनेमात पूर्ण जागा मिळालेली नाही!

———

प्रेषक: कमिटीतला धाकटा

काका, पाच म्हणजे पाचच. गेल्या दिवाळीला ‘दोन शब्द’ अर्धा तास चालले होते.

जाता जाता: पार्क्सला वर्षानुवर्षं एक गूढ सिग्नल यायचा. 2015 मध्ये उलगडा झाला. कुणीतरी मायक्रोवेव्ह थांबायच्या आधीच त्याचं दार उघडत होतं. यावर दुसरा भाग निघायला हरकत नाही.

———

प्रेषक: कार्यवाह

ठरलं. ‘द डिश’ नक्की. इंग्रजी सबटायटल्स लावू, आजी-आजोबांना तो ऑस्ट्रेलियन उच्चार झेपत नाही. आधी काका (पाच मिनिटं, घड्याळ वहिनींकडे), मध्यंतरात माहेरवाशीणताई कल्याण-खोडदचं सांगतील. ताई, आत्येचा किस्सा वगळू नका.

पदार्थ घरून आणायचे आहेत. बटाटेवडे कुणाकडे, ते फक्त मला कळवा, रिप्लाय-ऑल नको. हॉलमध्ये मायक्रोवेव्ह एकच आहे आणि त्याचं दार आधीच खिळखिळं झालंय, तेव्हा पूर्ण थांबल्याशिवाय उघडू नये ही विनंती.