दहशतवादी हल्ल्यानंतर डाव्यांनी आधी काय बोलावं?

हल्ला होतो, मृतांची ओळखही पटलेली नसते, आणि आपल्यातले काही जण साम्राज्यवादाचा इतिहास सांगायला बसतात. तो इतिहास खोटा नसतो. पण त्या घटकेला तो सांगणं म्हणजे मारेकऱ्याची वकिली होते. स्वतःला डावी म्हणवणारी व्यक्ती म्हणूनच हे लिहितेय.

इटलीतल्या जेनोवाच्या इटालसीदर पोलाद कारखान्यातला गुइदो रोसा बघा. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद, कामगार संघटनेचा प्रतिनिधी. १९७८मध्ये कॉफीच्या मशीनपाशी रेड ब्रिगेड्स या सशस्त्र अतिडाव्या संघटनेची पत्रकं सापडली. ती ठेवणाऱ्या सहकाऱ्याचं नाव त्याने सांगितलं, कोर्टात साक्षही दिली. तक्रारीवर सही एकट्या त्याची. २४ जानेवारी १९७९ला भल्या सकाळी कामावर निघालेल्या रोसाला त्याच संघटनेने त्याच्या गाडीतच गोळ्या घातल्या, त्याही कामगारवर्गाच्या नावाने! डाव्यांनी रोसासारखं आधी आणि स्पष्ट बोलायला हवं.

प्रतिसाद १
रोसाबद्दल आदर आहेच. पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाने १९७५ला संसदेत ज्या रेआले कायद्याला विरोध केला, तोच कायदा १९७८च्या सार्वमतात टिकवा म्हणून प्रचार केला. पोलिसांना गोळीबाराची जास्त मोकळीक देणारा कायदा होता तो. ७ एप्रिल १९७९ला पाडुआचे प्राध्यापक तोनी नेग्री यांना अटक झाली, रेड ब्रिगेड्सने मारलेल्या माजी पंतप्रधान आल्दो मोरोंच्या हत्येमागचा मेंदू म्हणून. तो आरोप टिकला नाही, पण चार वर्षं कच्च्या कैदेत गेली. पक्ष तेव्हा सरकारी वकिलांच्या बाजूने होता. डावेच असे वागले तर प्रश्न विचारायचे कुणी?

धागालेखिका
तिथे पक्ष चुकला, मान्य. पण दहशतवादाचा निषेध केला म्हणून तो सरकारच्या कच्छपी लागला, हे कुठून काढलंत? रोसाने नाव सांगितलं ते पुराव्यानिशी. नेग्रींवरच्या मोरोहत्येच्या आरोपाला पुरावाच नव्हता. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

प्रतिसाद २
मग अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार बार्बरा ली यांचं काय? १४ सप्टेंबर २००१, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, अमेरिकेचं प्रतिनिधीगृह, युद्धाधिकाराच्या ठरावावर ४२० विरुद्ध १. तो एक त्यांचा. आधी शोक आवरू द्या, विरोधाचं मग बघू, असं त्या म्हणाल्या असत्या तर ठराव एकमताने गेला असता. हल्ल्यानंतरच्या आठवड्यातच कायदे होतात हो!

धागालेखिका
लींच्या भाषणाची सुरुवातच मृतांच्या कुटुंबांविषयीच्या दुःखाने आहे. शोकही केला, विरोधही केला, त्याच आठवड्यात. माझं म्हणणं याहून वेगळं कुठे आहे?

प्रतिसाद २
आणि त्या दुःखाचा उपयोग काय झाला? जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. आधी रडून दाखवा, मग तुमचं ऐकू, ही अट डाव्यांनाच का?

प्रतिसाद ३
अट कुणी घातली म्हणून नव्हे, मेलेली माणसं आपलीही आहेत म्हणून रडायचं. आणि कायद्याला मुदत मागून गप्प बसू नका. त्याच हल्ल्यानंतर सरकारचे पाळतीचे अधिकार वाढवणाऱ्या पेट्रियट अॅक्टच्या बऱ्याच कलमांना २००५ची मुदत होती. २००६मध्ये त्यातली बहुतेक कायम झाली. तेव्हा रस्त्यावर किती जण होते?